पहिलीपासून सावधान!

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता, या शनिवार-रविवारी एकदाचं लिहून काढतोय. लांबलंय जरा, तेव्हा चहा घेऊन बसा.

जून २०२५ मध्ये आपले शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केलं की राज्यात पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक स्वरूपाचं लष्करी प्रशिक्षण दिलं जाईल. क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काउट-गाइड यांच्या जोडीला अडीच लाख माजी सैनिकांची मदत घ्यायची कल्पना. हेतू काय, तर देशप्रेम, व्यायामाची सवय आणि शिस्त. बातमी दोन दिवस ग्रुपवर फिरली. निम्म्यांनी 'बरं झालं, कार्टी वठणीवर येतील' म्हणून अंगठा दाखवला, दोघा-तिघांनी हिटलर काढला, आणि तिसऱ्या दिवशी सगळे परत क्रिकेटवर आले.

पहिली म्हणजे वय वर्षं सहा. या वयात पोराला डावा-उजवा बूट ओळखता आला तरी आई-वडील खूश असतात. त्याला 'लष्करी' प्रशिक्षण म्हणजे प्रत्यक्षात काय देणार? बहुधा कवायत, रांगेत उभं राहणं आणि थोडी पळापळ. म्हणजे आपण सगळ्यांनी पीटीच्या तासाला केलं तेच. मग त्याला लष्करी का म्हणायचं? मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला, आणि त्याचा माग काढता काढता मी बराच मागे गेलो.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. क्लायंटने काही मागितलं की आधी विचारायचं, तुम्हाला नक्की कुठला प्रॉब्लेम सोडवायचाय? 'शिस्त' ही तशीच एक रिक्वायरमेंट आहे. ऐकायला सोपी, सगळ्यांना मान्य, आणि मागणाऱ्याच्या मनात काय आहे ते शेवटपर्यंत न सांगणारी. गेल्या शंभरेक वर्षांत आपल्याकडे शाळेच्या मैदानावर लष्कर पाच-सहा वेळा तरी आणलं गेलं. दर वेळी शब्द हाच होता, प्रॉब्लेम मात्र दर वेळी वेगळा.

सुरुवात आमच्या गावापासून करतो. सोलापूरला 'लष्कर' हा एक भाग आहे, जुन्या छावणीची आठवण. पण सोलापूरकराला लष्कर म्हटलं की १९३० चा मार्शल लॉ आठवतो. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव पेटलं. ८ मे ला गोळीबार झाला, माणसं गेली, जमावाने पोलिसांना मारलं, सरकारी इमारती जाळल्या, आणि गोऱ्या अंमलदारांनी गाव सोडून स्टेशनचा आसरा घेतला. तीन-चार दिवस शहर सरकारशिवाय चाललं. मग १२ मे ला लष्करी कायदा लागू झाला तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी दिसली की उतरवायला लावत, तिरंगा हातात असला की शिक्षा. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं. आमचा चार हुतात्मा चौक तो यांचाच.

आता गंमत बघा. १२ जानेवारी ही विवेकानंदांची जयंती, १९८५ पासून राष्ट्रीय युवक दिनही. म्हणजे ज्या चौघांच्या नावाने हुकूम मोडण्याची कथा सांगायची, त्यांच्या स्मृतिदिनीच तरुणांना शिस्तीचा उपदेशही करायचा. सोलापूरच्या पोरांना हे दोन्ही एकाच सकाळी, एकाच रांगेत उभं राहून ऐकावं लागतं. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही, मलाही शाळेत असताना कधी वाटली नव्हती. असो.

या फाशीनंतर बरोबर सव्वादोन महिन्यांनी, १९ मार्च १९३१ ला, नागपूरचे एक डॉक्टर रोममध्ये मुसोलिनीला भेटत होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. डोळ्यांचे डॉक्टर, टिळकांचे अनुयायी, हिंदू महासभेचे अध्यक्ष आणि डॉ. हेडगेवारांचे वडीलधारे. लंडनची पहिली गोलमेज परिषद आटोपून परतताना ते इटलीत थांबले. तिथली लष्करी महाविद्यालयं पाहिली, शारीरिक शिक्षणाच्या संस्था पाहिल्या, आणि विशेष बारकाईने 'बलिल्ला' पाहिली. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना गणवेश, कवायत आणि फॅसिस्ट पक्षाची निष्ठा शिकवणारी संघटना म्हणजे बलिल्ला. चौदा ते अठरावाल्यांसाठी तिचीच पुढची इयत्ता. मुंजे रोज डायरी लिहीत, त्यामुळे हे सगळं त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. मार्झिया कासोलारी या इटालियन अभ्यासक बाईंनी २००० साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ते तपशीलवार मांडलं, तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

मुंज्यांनी परत आल्यावर नुसतं व्याख्यान दिलं नाही. १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी काढली आणि जून १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. शाळेच्या योजनेच्या प्रस्तावनेत त्यांनी आडपडदा ठेवलेला नाही. हे शिक्षण मुलांना माणसं मारण्याच्या खेळासाठी तयार करायला आहे, आपली हानी कमीत कमी आणि शत्रूची जास्तीत जास्त, अशा अर्थाचं सरळ लिहिलंय. वाचून अंगावर काटा येतो. पण खरं सांगू? नंतरच्या सगळ्या घोषणांपेक्षा मला ही भाषा प्रामाणिक वाटते. बंदूक कशासाठी असते ते इथे लपवलेलं नाही. व्यायाम, व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्वगुण वगैरे गुळगुळीत शब्द नंतर आले.

मुंज्यांची बाजूही नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर आपण पण हिटलर काढणाऱ्यांच्या रांगेत. इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाचं खूळ काढून अर्ध्या हिंदुस्थानला सैन्यात यायला नालायक ठरवलं होतं. अधिकारी तर जवळजवळ सगळे गोरेच. देश स्वतंत्र करायचा तर त्याचं सैन्य चालवणार कोण? मुंजे बोअर युद्धात वैद्यकीय पथकाबरोबर दक्षिण आफ्रिकेत जाऊन आलेले होते, १९३१ च्या लष्करी महाविद्यालय समितीवर ते सदस्य होते, आणि त्याच समितीच्या कामातून १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी उभी राहिली. म्हणजे प्रश्न खरा होता. उत्तरात मात्र दोन गोष्टी शिरल्या: एक म्हणजे सैन्य एका धर्माचं असल्यासारखी कल्पना, आणि दुसरी म्हणजे कोवळं वय पकडायची इटालियन युक्ती.

त्याच १९३१ च्या डिसेंबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेवरून परतताना, आणखी एक हिंदी पाहुणा त्याच मुसोलिनीला भेटला. महात्मा गांधी! रोमाँ रोलाँनी भेटू नका म्हणून सांगूनही गेले. नंतर रोलाँना लिहिलेल्या पत्रात मुसोलिनीबद्दल दोन बऱ्या गोष्टीही लिहिल्या, आणि तिथल्या सक्तीबद्दल नाराजीही. ते परत आले, वर्ध्याला गेले, आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे नाशिकची शाळा उघडली त्यानंतर चारच महिन्यांनी, वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची योजना मांडली गेली. मुलाच्या हाताला काम द्या आणि त्या कामातून शिकवा. आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो त्याच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, मुलाच्या हातात काय द्यायचं याची दोन उत्तरं तयार झाली. एकाने रायफल दिली, दुसऱ्याने टकळी. पुढच्या पिढ्यांनी टकळी कंटाळवाणी म्हणून सोडून दिली, हे मान्य करायला हवं. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं अजून सूतकताईच्या तासाची टिंगल करतात.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते ही जास्त अवघड आहे.

'शाळेत लष्कर नको' असं सरसकट म्हणायला गेलं की समोर बाबासाहेबांचं घराणं उभं राहतं. रामजी सकपाळ हे सुभेदार, आणि लष्कराच्या शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक. कंपनीच्या सैन्यात महारांची भरती मोठी होती आणि सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्यांना बसू देत नव्हते, त्यांच्या घरात बायकासुद्धा वाचायला शिकल्या त्या छावणीमुळे. मग १८९०-९५ च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. दापोलीला राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. शेवटी १९४१ मध्ये, आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर, महार रेजिमेंट उभी राहिली. या सगळ्या काळात ज्यांनी भरती मागितली, ते युद्धाची हौस म्हणून मागत नव्हते. पगार, शाळा आणि ताठ मानेने चालण्याचा हक्क मागत होते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पेन्सिल होती त्याने त्यांना शांततेचे धडे द्यावेत हे मला तरी जमणार नाही.

साताऱ्याची सैनिक शाळाही याच हिशोबात बसते. २३ जून १९६१ ला सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. तेव्हा यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री. उद्देश स्पष्ट होता. लष्करी अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक इंग्रजाळलेल्या घरांतून येतात, ते बदलायचं आणि साध्या घरच्या मुलाला एनडीएच्या दारापर्यंत न्यायचं. १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला राज्य सरकारने दहावीनंतरच्या मुलांसाठी एनडीएची तयारी करून घेणारी संस्था काढली, तीही याच विचाराची. ज्याला अधिकारी व्हायचंय, त्याने परीक्षा देऊन तिथे जायचं. इथे 'शिस्त' हा शब्द फारसा लागतच नाही, कारण प्रॉब्लेम काय आहे ते आधीच सांगितलेलं आहे.

कवायतीचंही तसंच. कवायत म्हणजे आपोआप फॅसिझम असं समजणाऱ्यांनी राष्ट्र सेवा दल आठवावं. १९४१ मध्ये एस. एम. जोशी दलप्रमुख असताना जे दल नव्याने उभं राहिलं त्यातही गणवेश होता, संचलन होतं, शाखा होत्या. मुलं-मुली एकत्र, सगळ्या जातींची. कवायत हे भांडं आहे, त्यात काय शिजवताय ते बघायला पाहिजे.

मग गोंधळ कुठे झाला? मला वाटतं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत, आणि या काळाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

एनसीसी १९४८ च्या कायद्याने आली. त्याआधी पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती १९४६ मध्ये नेमली होती. कॉलेजांत इंग्रजांच्या काळापासून युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर होती, ती फार प्रभावी नव्हती, म्हणून देशभर एक संघटना. कायद्यात एक गोष्ट पक्की केलेली आहे: कॅडेट झाल्यामुळे कुणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन येत नाही. आणि संघटना ऐच्छिक. फार शहाणपणाने बनवलेली चौकट होती ती.

पण पन्नासच्या दशकात सरकारला विद्यार्थ्यांची वेगळीच काळजी वाटू लागली. संप, मोर्चे, परीक्षेतले गोंधळ. स्वातंत्र्यलढ्यात ज्या पोरांनी वर्ग सोडले म्हणून कौतुक झालं, त्यांचीच धाकटी भावंडं आता वर्ग सोडत होती तर तो 'बेशिस्तीचा प्रश्न' झाला. इथे आपल्या सावंतवाडीकडचा एक माणूस येतो, जगन्नाथराव भोसले. आझाद हिंद सेनेत नेताजींच्या खालोखालच्या अधिकाऱ्यांपैकी एक, नंतर नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीत निर्वासितांच्या मुलांच्या शाळेत एक प्रयोग सुरू केला. घरदार गमावलेली, बिथरलेली पोरं. त्यांना कवायत, खेळ, गाणी, गोष्टी यांतून सावरायचं. प्रयोग जमला, आणि जमला म्हणूनच त्याचा घात झाला. 'राष्ट्रीय शिस्त योजना' असं नाव घेऊन तो देशभर पसरवला गेला. फाळणीत होरपळलेल्या मुलासाठी केलेलं औषध सगळ्यांनाच पाजायचं ठरलं. (एका क्लायंटसाठी केलेलं कस्टमायझेशन सगळ्यांच्या बिल्डमध्ये टाकलं की काय होतं ते आमच्या लोकांना वेगळं सांगायला नको.)

१९५९ पर्यंत शाळेच्या मैदानावर इतक्या योजना झाल्या की त्यांची एकमेकींत टक्कर व्हायला लागली. पीटी वेगळं, शिस्त योजना वेगळी, ऑक्झिलरी कॅडेट कोअर वेगळी, एनसीसी वेगळी. तो गुंता सोडवायला पुन्हा कुंझरूंचीच समिती नेमावी लागली! त्याच वर्षी आपले चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने सुचवलं की कॉलेजात जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी. पाठोपाठ के. जी. सय्यदेन यांनी इतर देशांत राष्ट्रीय सेवा कशी चालते याचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास सल्ला दिला की हे ऐच्छिकच ठेवा. म्हणजे सक्ती की ऐच्छिक हा वाद शांत डोक्याने घालून झाला होता, आणि कल ऐच्छिककडे होता.

मग ऑक्टोबर १९६२ मध्ये चीन आला. चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ पासून कॉलेजातल्या धडधाकट मुलांना एनसीसी सक्तीची झाली. त्या वेळी कुणी प्रश्न विचारणं शक्यच नव्हतं. अपमान ताजा होता, बायका सोन्याच्या बांगड्या काढून देत होत्या.

पण सक्तीचं प्रत्यक्षात काय झालं? संख्या एकदम फुगली आणि त्या मानाने शिकवणारे, गणवेश, रायफली, काहीच पुरेना. परेड म्हणजे हजेरी, हजेरी म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. ज्याला मनापासून यायचं होतं तोही या गर्दीत हरवला. जानेवारी १९६८ मध्ये मद्रास विधानसभेने हिंदीविरोधी ठराव केला त्यात एनसीसीतल्या हिंदी आज्ञाही होत्या. 'सावधान' हा शब्द कुणाच्या भाषेतला आहे यावरून एका राज्याचं आणि केंद्राचं जुंपलं. कोठारी आयोगही तोवर समाजसेवेचे पर्याय उभे करा म्हणून सांगून गेला होता. १९६८ मध्ये सक्ती गेली. २४ सप्टेंबर १९६९ ला सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, सुरू झाली.

पाच वर्षं. पाकिस्तानशी एक युद्ध त्यात येऊन गेलं तरी ही सक्ती टिकली नाही. शांततावाद्यांच्या मोर्च्याने हे झालं नाही, विनोबांच्या शांतिसेनेनेही नाही. पोरं आली नाहीत, आली ती मनाने आली नाहीत, आणि शेवटी लष्करालाही असल्या कॅडेटचा उपयोग वाटला नाही. याउलट ऐच्छिक एनसीसी आज किती लोकप्रिय आहे बघा. १९४८ मध्ये वीस हजार कॅडेटपासून सुरू झालेल्या संघटनेची मंजूर संख्या २०२४ मध्ये वीस लाखांवर नेली. रांगा लागतात. मुलींना तर त्या खाकीने गावातल्या चौकटीतून बाहेर काढलंय. माझ्या ओळखीत अशी दोन-तीन उदाहरणं आहेत.

थोडक्यात, ऑप्ट-इन असताना चालतं आणि डिफॉल्ट ऑन केलं की बिघडतं. पहिलीतला मुलगा ऑप्ट-इन कसा करणार? हा माझा भुसेसाहेबांच्या घोषणेवरचा मुख्य आक्षेप. सहा वर्षांच्या मुलाला व्यायाम द्या, खेळाचं मैदान द्या (आधी मैदान तर द्या!), रांगेत उभं राहायला शिकवा. त्याला लष्कराचं नाव लावण्याचा फायदा मुलाला काय होतो हे मला कुठेच सापडलं नाही.

त्यात मधल्या काळात खाजगी संस्था आल्या. १९९५-९६ पासून महाराष्ट्राने दर जिल्ह्याला एक सैनिकी शाळा असं धोरण घेतलं, राज्यात अशा ३८ शाळा झाल्या. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये भागीदारीत शंभर नव्या सैनिक शाळांना मंजुरी दिली, आणि त्यात मुंज्यांनी काढलेल्या संस्थेच्या नागपूरच्या भोसला शाळेलाही मान्यता मिळाली. एका विचाराच्या संस्थांना झुकतं माप दिल्याचा आरोप २०२४ मध्ये झाला, संरक्षण मंत्रालयाने तो फेटाळला. मला इतकंच दिसतं की साताऱ्याची शाळा सरकारची होती आणि संसदेला उत्तर देणं लागत होती. आता शिकवणारा कोण आणि उत्तर देणारा कोण यात अंतर पडलंय.

परदेशातही हा प्रश्न काही सुटलेला नाही. अमेरिकेत २००१ च्या शिक्षण कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या हायस्कूलना मुलांची नावं, पत्ते, फोन नंबर भरती अधिकाऱ्यांना द्यावे लागू लागले. पालकांनी लेखी नकार दिला तरच सुटका. तिथल्या पालकांनी गावोगावी नकाराचे फॉर्म वाटले. ब्रिटन आजही सोळाव्या वर्षी, पालकांच्या संमतीने, सैन्यात घेतं. आणि आपण? बालकांना युद्धापासून दूर ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला २००५ मध्ये मान्यता देताना भारताने भरतीचं किमान वय सोळा असं कळवलं, अठरा पूर्ण झाल्याशिवाय युद्धक्षेत्रात पाठवत नाही या खुलाशासह. मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं, माझ्या माजी सैनिक शेजाऱ्यांनाही नव्हतं.

आता पुन्हा सोलापूर. जुनी मिल १९६४ मध्ये गेली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गेली. ज्यांना जमलं ते आमच्यासारखे पुण्याला येऊन कोड लिहायला लागले. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याकडच्या पोराला ते जमतंच असं नाही. पहाटे पाचला कुठल्याही रस्त्याला जा, अंधारात धावणारी पोरं दिसतील. सैन्य नाहीतर पोलिस, जे लागेल ते. गावोगावी भरतीच्या अकॅडम्या निघाल्यात, वडील फीसाठी म्हैस विकतात. या मुलांना देशप्रेम शिकवायची गरज नाही आणि शिस्त तर त्यांच्याकडून आपणच शिकावी. त्यांना हवाय हिशोब, आणि नेमका तोच शाळेतल्या मार्गदर्शनाच्या भाषणांत येत नाही.

तो हिशोब असा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. वय साडेसतरा ते एकवीस, मुदत चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले तीस टक्के निधीत कापून. चार वर्षांनी साधारण ११ लाख ७१ हजार हातात, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करणार. म्हणजे चारातले तीन घरी. अकरा लाख ही काही लहान रक्कम नव्हे, कोरडवाहू तालुक्यात तर नाहीच. काही मुलांना हा सौदा चांगलाही असेल. पण साडेसतराव्या वर्षी सही करणाऱ्याला चौथ्या वर्षी काय होणार ते सहीच्या आधी कुणीतरी फळ्यावर लिहून दाखवायला नको का? घराचं कर्ज घेताना आपण व्याजदराची तारांकित टीपसुद्धा तीनदा वाचतो.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटापासून भरायला लागतात. तेव्हा जी मुलं गावी परततील त्यांचं वय असेल बावीस-पंचवीस, माझ्यापेक्षाही लहान. शाळेला माजी सैनिक बोलवायचेच असतील तर आधी यांना बोलवावं. पहिलीच्या वर्गात नको, अकरावी-बारावीच्या. आणि कवायत घ्यायला नको, बोलायला. चारातल्या कायम झालेल्या एकाला आणि घरी आलेल्या तिघांनाही.